पुराचे हजेरीपत्रक



या व्यासपीठावर दरवर्षी मोठमोठे विद्वान येऊन जातात. त्यांच्या पंगतीत कामगार चळवळीतल्या माणसाचे पान मांडले, याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहोत. आमचे शालेय शिक्षण यंत्रमागाचा खडखडाट सुरू झाला तेथेच संपले. पुढचे जे काही ते वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि कामगारांनी विचारलेल्या प्रश्नांनी शिकविले. तेव्हा आजचा विषय ऐकून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यात नवल नाही. उपग्रहांनी टिपलेली चित्रे आणि नदीच्या प्रवाहाची मोजणी यांवरून पुराचे नकाशे कसे होतात, हे एखाद्या इंजिनियरने सांगावे. युनियनवाल्याने बोनसवर बोलावे, असा संकेत आहे. तो मोडण्याचे कारण एवढेच की, पूर आला म्हणजे आमच्या लोकांची खोली, मजुरी आणि शिधा ही तिन्ही शेवटी एका रेषेपाशी येऊन थांबतात. पाणी येथवर आले होते की नव्हते, हीच ती रेषा. ज्या कागदावर आपले पोट अवलंबून आहे तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, हा आमच्या चळवळीचा पहिला धडा. पगारपत्रक वाचायला आम्ही शिकलो. आता पुराचा नकाशा वाचायला शिकले पाहिजे.

उदाहरण घरचेच घेऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारे पाणी कोयना, वारणा, पंचगंगा या नद्यांनी खाली उतरते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला मिळते. घाटातून धावत आलेले पाणी येथे सपाटीवर येते आणि त्याचा वेग मरतो. त्यातून कृष्णाच दुथडी भरलेली असली, तर पंचगंगेला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही. तिचे पाणी मागे तुंबते आणि काठावरच्या गावांत, मळ्यांत, गल्ल्यांत पसरते. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांच्या आत या खोऱ्याने पाहिले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशाऱ्याची पातळी ४० आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टात बंधाऱ्यावरचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि पुलाजवळचे ५७ फुटांच्या वर. म्हणजे दोन्हीकडे धोक्याच्या खुणेवर आणखी बारा फूट! त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि माणसे बुडाली. पातळीचे आकडे तर रोज जाहीर होत होते. परंतु सांगलीच्या पुलावरचे अमुक फूट म्हणजे आपल्या गावाच्या वेशीत किती आणि किती वाजता, हे त्या आकड्यांतून गावाला कळत नव्हते. आकडा आणि उंबरठा यांच्यामधली ही जी पोकळी आहे, ती भरून काढण्यासाठी नकाशा हवा.

पूर मोजणे आपल्या लोकांना ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. नृसिंहवाडीला पाणी चढत चढत दत्ताच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा झाला असे म्हणतात. भाविकाला ती पर्वणी, आणि काठावरच्या शेतकऱ्याला ती पातळीची खूण. आमच्या कामगार वस्त्यांतही बंधाऱ्यावर किती फूट झाले की कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागते, हे बायकांना तोंडपाठ असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा पुण्यात पाणी कोठवर चढले हे भिंतींवरच्या चिखलाच्या रेघांनी सांगितले. आजचे शास्त्र याच खुणांचे पुढचे पाऊल आहे.

या शास्त्राला दोन साक्षीदार लागतात. पहिला साक्षीदार नदीच्या काठी उभा असतो. दुसरा आकाशात फिरतो.

काठावरच्या साक्षीदाराची ओळख आधी करून घेऊ. नदीत रंगवलेली मोजपट्टी रोवलेली असते. तिच्यावरून पाण्याची उंची वाचायची. पूर असला की दर तासाला वाचायची, रात्रीसुद्धा. या खोऱ्यात राज्याचे जलसंपदा खाते हे काम करते आणि केंद्रीय जल आयोगही करतो. कऱ्हाड, अर्जुनवाड, कुरुंदवाड येथे आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. याच आयोगाने देशातल्या पूर-अंदाजाची सुरुवात १९५८ साली दिल्लीला यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलापाशी केली. परंतु उंची म्हणजे प्रवाह नव्हे. प्रवाह काढण्यासाठी नदीच्या रुंदीचे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली घेतात आणि पेल्यापेल्यांचे फिरते यंत्र पाण्यात सोडून, ठरावीक वेळात ते किती फेरे घेते त्यावरून वेग काढतात. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की दर सेकंदाला किती घनफूट पाणी गेले ते कळते. वर्तमानपत्रांत ‘क्युसेक’ म्हणतात तो हाच. धरणात एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी आहे आणि ते एका दिवसात सोडायचे, तर दर सेकंदाला साडेअकरा हजार घनफुटांहून अधिक विसर्ग करावा लागतो. हा हिशेब पाठ असला, तर धरणाच्या बातम्या वाचताना माणूस गोंधळत नाही.

रोज असे यंत्र सोडणे शक्य नसते. भर पुरात तर मुळीच नसते. म्हणून पुष्कळ मोजण्या घेऊन अमुक उंचीला अमुक प्रवाह असा आलेख तयार ठेवतात. पण आमच्या पंचगंगेच्या खालच्या अंगाला हा आलेख फसवतो. कृष्णेने वाट अडवली असली, तर पंचगंगेची उंची मोठी आणि प्रवाह मंद. वाट मोकळी असली, तर तेवढ्याच उंचीला प्रवाह जोरकस. केवळ पट्टीवरचा आकडा ऐकून वरच्या धरणातून किती पाणी येत आहे हे सांगणारा माणूस येथे हमखास तोंडघशी पडतो. २००५ पासून दर महापुराला एक वाद उकरला जातो: कोयनेने पाणी सोडले म्हणून बुडालो, की खाली कर्नाटकात अलमट्टीने अडवले म्हणून? त्या वादात आज आम्ही शिरत नाही. एवढेच म्हणतो की, वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांची, एकाच तासाची मोजणी शेजारी शेजारी मांडल्याशिवाय त्याचा निकाल लागणार नाही. घोषणा आम्हांलाही देता येतात. पण घोषणेने नदीचा उतार बदलत नाही.

आता दुसरा साक्षीदार. १९७२ साली अमेरिकेने जमिनीची चित्रे टिपणारा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला आणि पुढच्याच वर्षी मिसिसिपी नदीच्या महापुराचा विस्तार त्याच्या चित्रांवरून आखला गेला. तेथे आकाश मोकळे मिळाले. आमचा पूर येतो तो ढगांची घोंगडी पांघरून! सूर्यप्रकाशावर चालणारा डोळा श्रावणात आंधळाच. म्हणून आपल्याकडे रडारचा उपग्रह लागतो. तो उजेडाची वाट पाहत नाही. स्वतःच्या लहरी खाली पाठवतो आणि परत आलेल्या लहरी टिपतो. त्या लहरी ढगांतून पार होतात, रात्रीही चालतात. शांत पाणी आरशासारखे सपाट असते. तिरप्या आलेल्या लहरी ते पुढच्या पुढे परतवून लावते, उपग्रहाकडे काहीच येत नाही आणि चित्रात पाणी काळे दिसते. खडबडीत जमीन लहरी सगळीकडे उधळते, त्यांतल्या काही परत जातात, म्हणून ती उजळ दिसते. पुराआधीचे चित्र आणि पुरातले चित्र एकावर एक ठेवले आणि नदी-तलावांचे नेहमीचे पाणी वजा केले, की जे नव्याने काळे झाले तो पूर. भारताचा रिसॅट १ हा असा उपग्रह २०१२ साली गेला, युरोपचा सेंटिनेल १ मालिकेतला पहिला २०१४ साली गेला. त्या युरोपीय उपग्रहाची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देशातल्या पुरांचे असे नकाशे करते.

हे ऐकून एखाद्याला वाटेल, झाले तर मग, वरून सारे दिसते, आता तलाठ्याची आणि पंचांची गरज काय? येथेच थांबून विचार केला पाहिजे. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. प्रत्यक्षात त्याचा बारकावा याहूनही जाड आहे. शेतकऱ्याला गुंठ्याचा हिशेब पुरेल. पण दहा फूट बाय बारा फुटांच्या कामगाराच्या खोल्या एका गुंठ्यात नऊ मावतात! नऊ संसारांना मिळून एक ठिपका. त्यातून घरांच्या वस्तीत रडारची गंमत होते. लहरी गल्लीतल्या पाण्यावर आपटून भिंतीवर जातात आणि भिंतीवरून सरळ उपग्रहाकडे परततात. त्यामुळे पाण्याने भरलेली गल्ली काळी न दिसता उजळ दिसते, म्हणजे साध्या रीतीने वाचणाऱ्याला कोरडी वाटते. उसाचेही तसेच. युरोपच्या त्या उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरांची. ती उसाच्या पाल्यातच अडकते. उसाचे शेंडे पाण्यावर राहिले असतील, तर बुडख्याशी चार फूट पाणी असूनही नकाशा म्हणेल, येथे पूर नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा उपग्रह जवळजवळ चोवीस सेंटिमीटरांची लांब लहर वापरतो. ती पाल्यातून बरीच खाली जाते, म्हणून त्याच्याकडून आशा आहे. पण वारा सुटला तर पाणी खडबडीत होऊन उजळ दिसते आणि गुळगुळीत डांबरी मैदान कोरडे असून काळे दिसते, हे तर राहिलेच. सारांश, उपग्रह खोटे बोलत नाही; पण त्याची भाषा न जाणणारा दुभाषा त्याच्या तोंडी खोटे घालू शकतो.

दुसरी अडचण वेळेची. असा एक उपग्रह त्याच वाटेने त्याच जागेवर बारा दिवसांनी परत येतो. मधल्या काळात पूर येऊन ओसरूनही जाईल. आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर उपग्रह म्हणजे फॅक्टरी इन्स्पेक्टर. तो आला की सगळी खाती फिरून पाहतो, पण त्याची फेरी कधीमधी. नदीवरची पट्टी म्हणजे दारावरचा टाइमकीपर. तो चोवीस तास हजर असतो, पण त्याला दिसते ते फक्त दार. एक सगळी जागा पाहतो, पण एका क्षणापुरती. दुसरा सगळा वेळ पाहतो, पण एका जागेपुरता. हजेरीपत्रक भरायचे तर दोघांच्या नोंदी जुळवाव्या लागतात, आणि पुराचा नकाशा म्हणजे तरी दुसरे काय आहे? कोणत्या घरात पाणी किती आणि किती वेळ हजर होते, याचे ते हजेरीपत्रकच.

ही जुळणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. उपग्रहाने चित्र घेतले त्या घटकेला पट्टीवर किती फूट होते ते पाहायचे. अशी अनेक पुरांची, अनेक उंचींची चित्रे जमवली की ४३ फुटांना पाणी कोठवर, ४७ ला कोठवर, ५० ला कोठवर, अशी रेषांची मालिका तयार होते. तिच्याखाली जमिनीच्या उंचीचा नकाशा ठेवला की ठिकठिकाणची खोलीही काढता येते. मग पुढच्या पुरात चित्राची वाट पाहावी लागत नाही. उद्या संध्याकाळी पातळी अमुक होईल असा अंदाज आला, की कोणती गल्ली रिकामी करायची ते आजच सांगता येते. मात्र जमिनीच्या उंचीचा नकाशा चांगला हवा. जगभर फुकट मिळणारा एक नकाशा २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून केलेल्या मोजणीचा आहे, आणि त्यात काही मीटरांची चूक असू शकते. डोंगर मोजताना ती चालेल. पण आमच्या सपाट काठावर मीटरभराची चूक म्हणजे घोट्याइतके पाणी कमरेला नेणे. म्हणून गावोगाव, गल्लोगल्ली जमिनीची उंची नीट मोजून घेण्याला पर्याय नाही.

आता या सगळ्याचा पोटाशी संबंध कोठे येतो ते पाहा. २०१९ च्या महापुरात, घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तर मोफत धान्य, अशी अट सांगणारा शासन-निर्णय निघाला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. गदारोळ योग्यच होता. पण आम्ही विचारतो, ‘दोन दिवस’ हे सिद्ध कसे करायचे? बारा दिवसांनी येणारा उपग्रह दोन दिवसांची साक्ष देऊ शकत नाही. शेजाऱ्याची साक्ष घ्यावी, तर शेजारीही बुडालेला. हे फक्त पट्टीची तासागणिक नोंदच सांगू शकते, आणि तेही आपल्या उंबऱ्याची उंची पट्टीच्या कोणत्या फुटाशी जुळते हे आधी ठाऊक असेल तर. समजा, एका गल्लीचा उंबरा पट्टीच्या ४६ फुटांशी जुळतो. मग पातळी ४६ च्या वर कोणत्या तारखेला, किती वाजता गेली आणि किती वाजता खाली आली, हे सरकारच्याच वहीतून दाखवता येते. अर्जविनंत्या करण्याऐवजी वही उघडा म्हणता येते. कामगाराला हे चांगले कळेल. ओव्हरटाइमचा दावा आपण तोंडाने मांडत नाही, टाइमकीपरच्या नोंदीवरून मांडतो.

शिवाय या रेषेची आणखी एक मौज आहे. पूर असताना प्रत्येकाला वाटते, आपण रेषेच्या आत असावे, म्हणजे मदत मिळेल. पूर ओसरला की ज्यांचे भूखंड आहेत त्यांना वाटते, आपण रेषेच्या बाहेर असावे, म्हणजे बांधकामाला परवानगी मिळेल. आपल्या राज्यात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट प्रवाह, यांपैकी जो मोठा तो निळ्या रेषेला धरतात. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर लाल रेषेला. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित. कागदावर हे उत्तम आहे. पण ज्याच्याकडे पैसा आहे तो भराव टाकून आपली जागा उंच करतो, आणि त्याच्या जागेत मावले नाही ते पाणी शेजारच्या झोपडीत जाते. मजूर सखल भागात राहतो तो पुराची हौस म्हणून नव्हे. तेथे भाडे कमी असते म्हणून. रेषा दाखवून त्याला उठवायचे आणि भराव टाकणाऱ्याकडे कानाडोळा करायचा, याला नियोजन म्हणत नाहीत. रेषा पाण्याने काढावी आणि माणसाने ती फक्त उतरवून घ्यावी. उपग्रहाची जुनी चित्रे जपलेली असतात. कोणता ओढा कोणत्या साली बुजला, कोठे भराव पडला, हे त्यांत पाहता येते. हा नकाशा गरिबावर चालवायचे हत्यार आहे तसा गरिबाच्या हातातला पुरावाही आहे. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या कपाटात राहतो.

कोणी म्हणेल, युनियनवाले यंत्राच्या विरुद्ध. आमचा विरोध यंत्राला नाही. यंत्राचा हिशेब कामगारापासून लपवण्याला आहे. आता पट्ट्यांच्या जागी आपोआप पातळी नोंदवणारी उपकरणे बसत आहेत. ती बसावीत. पण महापुरात वीज जाते, संपर्क तुटतो, उपकरण वाहून जाते आणि तेव्हा हातात कंदील घेऊन पट्टी वाचणारा माणूसच उरतो. मोजणीच्या या कामावर कितीतरी माणसे पावसाळ्यापुरती लागतात आणि पाऊस सरला की घरी जातात. पन्नास वर्षांच्या ज्या नोंदींवर शास्त्रज्ञ आलेख काढतात, त्या अशा हंगामी हातांनी लिहिलेल्या आहेत. त्यांची एका रात्रीची नोंद चुकली, तर वरच्या उपग्रहाची साक्ष अधांतरी लोंबकळते. म्हणून त्या माणसाच्या नोकरीची शाश्वती हाही आमच्या मते जलविज्ञानाचाच भाग आहे.

तेव्हा करायचे काय? आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, प्रत्येक महापुराचा नकाशा ग्रामपंचायतीत आणि प्रभाग कार्यालयात भिंतीवर लावावा, आणि कोणत्या पातळीला कोणत्या गल्लीत पाणी येते हे त्यावर मराठीत लिहावे. दुसरी, गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर पुराच्या उंचीच्या खुणा रंगवाव्यात आणि त्या नदीवरच्या पट्टीशी जुळवून द्याव्यात. तिसरी, पंचनामा करताना नकाशा जरूर पाहावा. पण केवळ नकाशात दिसत नाही म्हणून कोणाचाही दावा फेटाळू नये, कारण गल्ली आणि ऊस त्याला नीट दिसत नाहीत. चौथी, तासागणिक नोंदींच्या वह्या लोकांना पाहायला खुल्या असाव्यात.

आणि एक काम सरकारचे नव्हे, आपले आहे. प्रत्येक वस्तीने आपली वही ठेवावी. पाणी उंबऱ्याला लागले ती तारीख, ती वेळ. कोठवर चढले ती खूण. उतरले ती वेळ. त्या त्या वेळी पट्टीवर किती फूट होते ते शेजारी. एका पुराची वही पुरणार नाही. कृष्णेने वाट अडवली असेल त्या पुराचे गणित वेगळे, नसेल त्याचे वेगळे. पण तीन-चार पुरांच्या वह्या जमल्या, की आकाशातल्या साक्षीदाराला आणि काठावरच्या साक्षीदाराला तिसरा साक्षीदार मिळेल. तो पाण्यात उभा राहिलेला असेल. त्याला वगळून केलेला नकाशा दिसायला कितीही सुबक असो, ते अर्धवट हजेरीपत्रक आहे, आणि ज्याचे नाव हजेरीत नाही त्याला पगार मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो.

वैशाख संपत आला आहे. मृगाला फार दिवस नाहीत. आज घरी गेल्यावर आपापल्या उंबऱ्याची उंची एकदा मोजून ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे.